एकोणीस किलो

भुसावळात चायनीज कुठं चांगलं,
लोक मलेच विचारतात.
मी जिभेनं नाही सांगत, खांद्यानं सांगतो.
निळी टाकी, एकोणीस किलो गॅस, लोखंड वेगळं,
कोणाची किती दिवसांत रिकामी होते,
एवढंच मला माहीत.

जामनेर रोडच्या गाडीवर दोन दिवसाला एक.
म्हणजे कढई थंड होत नाही,
म्हणजे भात कालचा नाही.
चाळीस रुपयात हाफ, हॉस्टेलची पोरं उभ्यानं खातात.
कोबी जास्त, पण ताजा. चिरताना पाह्यलाय.

तिखट पाहिजे? मग यावल नाक्यावर, रशीद मन्यारकडे.
शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला
शेजवान म्हणजे काय हो,
परगावी जाऊन नाव बदलून आलेला ठेचा.
रशीदभाई ते नाव परत बदलून देतो.
पाण्याची बाटली आधी मागजो.

कांदा-लसूण चालत नसेल तर टेकबहादूर.
त्याचा एक झारा वेगळा, दांड्याला पांढरा दोरा.
सराफ गल्लीतल्या काकू आधी दोरा पाहतात,
मग खुर्चीवर बसतात.
स्वतः तो रात्री काय खातो, विचारा एकदा.
कळण्याची भाकरी. वरून तेल.

एकाचं नाव घेत नाही.
पाटी पंचवीस फुटी, टाकी तीन आठवड्यांतून एक.
समजून घ्या, भो.

आणि सगळ्यात भारी विचाराल तर हायवेचं ड्रॅगन पॅलेस.
महिन्याला बावीस टाक्या.
काचेत मासे आहेत म्हणे, थंडगार एसी, कापडाचे रुमाल.
म्हणे, कारण मी मागचं दार ओळखतो,
कोंबडीच्या पिसांचं, ओल्या फरशीचं,
सही करायच्या वहीचं.

मोक्षदाला बारावं लागलं.
तीन मैत्रिणी, एक हट्ट.
गाडीवर जाऊ, म्हटलं. रशीदभाई उधार पण देईल.
ती म्हणे, पप्पा, मासेवालं.
बायकोनं डब्यातून काढून दिले,
माझे मिळून चौदाशे.

पुढच्या दाराला हात लावायच्या आधीच ते उघडलं.
कोट घातलेला पोरगा, नवाच असेल पण चेहरा ओळखणारा,
हळूच म्हणाला,
काका, टाकी मागून.

मोक्षदा माशांकडे पळाली होती. बरं झालं.
म्हटलं, आज टाकी नाही आणली.
आज पाच माणसं आणलीत.

मेनू मी उजवीकडून वाचला, आधी आकडे, मग नावं.
दोन सूप पाच वाट्यांत, एक नूडल्स, एक ट्रिपल राइस.
मंच्युरियन ड्राय का ग्रेव्ही यावर पोरींचं भांडण,
मी ग्रेव्ही म्हटलं, ती भाताला पुरते.
पाणी साधं.

मासे खरंच होते. एक सारखा काचेला तोंड लावत होता.
सूप गोड लागलं मला. पोरींना आवडलं.
चव सांगायला मी नाहीच कामाचा,
पण आतून आवाज येत होता, तो कळत होता.
भरल्या टाकीची भट्टी गर्जते.
ही मध्येच दम खात होती, मग फुरफुर, मग एक भक्क.
सात मिनिटं, फार तर आठ.

आमचा भात आला. वाफाळता, वेळेत.
मग भट्टी बसली.

आत कोणी तरी हाक मारली,
कोणी तरी झाकण आपटलं,
मॅनेजर बाहेर आला, टेबलांवरून नजर फिरवत
माझ्यापाशी थांबला.
तोंडावर आलेलं वाक्य मला बाहेरूनही वाचता येत होतं.

मोक्षदा म्हणाली, पप्पा, तुमचा भात थंड होतोय.

मी मॅनेजरकडे पाहून मान हलवली,
जशी ओळखीच्या माणसाला हलवतात,
आणि चमचा खाली ठेवला नाही.