तांबडीच्या बॉनेटवर

लोटलीच्या इगर्जीपुढे, जानेवारीतल्या एका रविवारी
जुन्या स्पोर्ट्सगाड्या ओळीनं ऊन खात उभ्या,
आणि माणसं त्यांच्याभोवती हात पाठीशी बांधून
मुलगी बघायला आल्यासारखी.

मी शाणू मेस्त, बोरीचा. पत्रा ठोकणारा.
आज माझं काम एवढंच, की बाय इर्मिनाची तांबडी
रायहून, ढकलत का होईना, इथवर आणायची,
मग फडकं खांद्यावर टाकून सावलीत बसायचं
आणि ऐकायचं.

'एमजी म्हणजे काय, ठाऊक आहे?' भाटीकर वकील विचारतात.
कोकम सोडा अजून मिशीवर फसफसतोय.
'मडगाव! दुसरं काय असणार?
पोर्तुगीज अमदानीत कोंब्याला कारखाना होता.
माझ्या आजोबांनी पाहिलाय.'
बोस्त्यांव मान डोलावतो. त्याच्याही आजोबांनी पाहिला होता.
दोन म्हाताऱ्यांनी पाहिलेला कारखाना
आता पाडायचा कुणी?

पलीकडे पांढऱ्या जग्वारपाशी एक जण बायकोला समजावतोय,
कार्बुरेटर दोन असतात ते
एक चढासाठी, एक उतारासाठी.
'आणि सपाटीला?'
तो जरा थांबतो.
'सपाटीला दोन्ही बंद. पेट्रोल वाचतं.'

हिचं स्टिअरिंग डावीकडे का?
पहिला मालक डावखुरा होता.
मग गिअर?
गिअर बायको टाकायची.

'अठ्ठावन्न हॉर्सपॉवर. पण ते विलायती घोडे हं,
आपली तट्टं धरली तर नव्वद भरतील.'

मला हसू येतं, पण मी हसत नाही.
असल्याच गिऱ्हाइकांवर माझी दोन पोरं शिकली.

मग गर्दी तांबडीपाशी सरकते.
खाकी टोपीतला एक पुणेकर, पोटावर कॅमेरा,
बोट न टेकवता बॉनेट दाखवतो:
'हा सिंहाचा पंजा. लोरेन्सु मार्किशची शर्यत, एकसष्ट साल.
सिंह आडवा आला, एवझेबनं ब्रेक मारला नाही.
चार नखं. मोजा.'
लोक मोजतात. चारच भरतात.
'कुणी सांगितलं तुम्हाला?' मी विचारतो.
'सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही इथले नाही वाटतं?'

चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात
बाय इर्मिनाच्या अंगणातला कापा फणस
ह्या बॉनेटवर पडला.
मी धंद्यात नवा. खळगा काढायला खालून ठोकायचं,
तर वरून ठोकलं. चार घाव.
कुंपणावरची पोरं विचारायला लागली, हे काय, हे काय,
तेव्हा घाम पुसत म्हटलं,
सिंह. आफ्रिकेतला. जा, खेळा.

पोरं कुठे कुठे जाऊन खेळली कोण जाणे,
माझा सिंह पुण्यापर्यंत गेला
आणि टोपी घालून परत आला.

वेताच्या खुर्चीत, छत्रीखाली, बाय इर्मिना.
फणस तिनंच कापला होता त्या दिवशी,
मजुरीवर सहा गरे दिले होते मला, केळीच्या पानात.
ती माझ्याकडे बघते. मी फडक्याकडे.
'सिंह नव्हे,' ती म्हणते.
सगळे गप्प. इगर्जीवरची कबुतरंसुद्धा.

'सिंहीण.
माझ्या एवझेबला बायकाच आडव्या यायच्या.'

टोपीवाला घाईनं वही काढून
दुरुस्ती करून घेतो.

संध्याकाळी तांबडी सुरू होत नाही.
चोक, म्हणतात वकील. प्लग, म्हणतो बोस्त्यांव.
पुणेकर म्हणतो, खारी हवा, ह्या गाड्यांना बाधते.
टाकी रिकामी आहे, मला माहीत आहे.
'हवाच असणार,' मी म्हणतो,
स्टिअरिंगवर बसतो, शेजारी बाय छत्री मिटते,
आणि ते सगळे मिळून आम्हाला ढकलायला लागतात.