टकटक

टेबलावर एक बटण. पंधरा सेकंद.
जमेल तितक्या वेळा, एकाच बोटानं, मी म्हणते.
तेइतुर खाली बघत विचारतो, "कुठल्या हाताचं?"
ज्या हातानं लिहितोस त्याचं, आधी.

टकटक टक. टक. टकटक.
वागुरच्या धक्क्यावर पाऊस आडवा येतोय.
पाऊस ऐकल्यामुळे याचा ठेका चुकतो,
की ठेका चुकतो म्हणून हा पाऊस ऐकत बसतो?
असा रकाना माझ्या तक्त्यात नाही.
मी आकडा लिहिते.

सात वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर
मीच होते सुईणीच्या हाताशी.
नाळ कापली, चिमटा लावला
आणि वारेकडच्या टोकातून चार चमचे रक्त बाटलीत घेतलं.
त्याला नाव नव्हतं अजून. बाटलीला क्रमांक होता.
मग मार्यूनच्या मानेमागची एक बट कापली,
मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला,
म्हणजे कुठला महिना कुठे ते कळावं.
केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात,
बोटभर लांबीत मावतं एक गरोदरपण.
"जपून ठेवाल ना?" ती हसून म्हणाली होती,
घामानं भिजलेली, इतकी आनंदात.

त्या वर्षी देवमाशांचा कळप खाडीत शिरला.
अख्खा गाव कमरेइतक्या पाण्यात उतरला.
संध्याकाळी चिठ्ठ्या वाटल्या: कोणाचा वाटा कुठल्या माशात.
यात विकणं नसतं. आजारी म्हाताऱ्यांनाही घरपोच जातो.
सून दोन जिवांची, म्हणून हेर्गेइरनं
आपल्या वाट्यातला काळपट, चांगला भाग तिला दिला,
फळ्यांच्या खोपटात वाऱ्यावर सुकवून,
वर खारवलेल्या चरबीची पातळ चकती, थंड बटाटे.
तिला डोहाळे लागले होते तेही याचेच.
सासऱ्यानं पुरवले.

पारा इथला नाही.
दूर कुठे कोळसा जळतो, कोणाची तरी घरं उजळतात,
धूर पावसात उतरतो, पाऊस समुद्रात,
मग माकुळात, मग जो माकूळ खातो त्याच्यात.
वार सगळं अडवते, असं आम्हाला नर्सिंगला शिकवलं होतं.
पण हा अन्नाचं रूप घेऊन येतो,
आणि भुकेल्या बाळाच्या दारात
अन्नाला कोण अडवणार?

आता चित्रं.
शिडी. बरोबर. घुबड. बरोबर, जरा उशिरा.
नांगर.
त्याला माहीत आहे. बाप मासेमारीच्या बोटीवर आहे त्याचा.
ओठ हलतात, हात हवेत काहीतरी जड सोडतात.
"ते... बोट झोपते तेव्हा... खाली जातं ते."
वीस सेकंद. मी पहिलं अक्षर देते
आणि लगेच त्याला शब्द सापडतो,
हातमोज्यात राहिलेल्या नाण्यासारखा.
इशाऱ्यानंतर, असं मी लिहिते.
बोट झोपते, हे कुठेच लिहीत नाही.

मार्यून बाकावर बसलेली असते, कोट न काढता.
"माझ्यामुळे?"
मला पाठ आहे काय बोलायचं:
फरक बारीक असतो. तो एका मुलाबद्दल काही सांगत नाही,
हजार मुलं मोजली की दिसतो.
ती ऐकून घेते.
"मी हजार मुलांची आई नाही," म्हणते.

मीही खाल्लं होतं, माझ्या थोरलीच्या वेळी,
बाटल्या येण्याआधी.
ती आता बोटींचे रडार दुरुस्त करते, फोनवर भरभर बोलते,
तरी मधेच एखाद्या शब्दाशी अडखळली
की मी इकडे श्वास धरून ठेवते.
हे मार्यूनला सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

"आणि आजोबांना?" ती विचारते.
"ते अजून आणतात वाटा. याच्यासाठी म्हणून, वेगळा बांधून."

खिडकीतून दिसतं, खाली हेर्गेइर गाडीत बसलाय,
वायपर चालू ठेवून, नातवाची टोपी मांडीवर.
आत तेइतुर डाव्या हाताची वाट बघतोय.
पंधरा सेकंद, मी म्हणते,
आणि घड्याळाला किल्ली देते.