चित्र क्रमांक चार

दार लागलं की माझं काम सुरू: गप्प बसणं.
कागदावर माझं पद आहे साहाय्यक,
पण साहाय्य करायचं नाही,
उत्तर सुचवायचं नाही, मान हलवायची नाही,
हसायचं तेही बेतानं.

एर्विन साडेसहा वर्षांचा.
शाळेच्या नियमाप्रमाणे दाराशी बूट काढून
सपाता घालून आलाय.
सपाता बहिणीच्या, गुलाबी,
डावीवरच्या सशाला एकच कान.
पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून ससा
मघापासून हवेत उड्या मारतोय.

श्टेफानोवाबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते.
कोशित्सेहून पहाटेच्या बसनं येतात,
पिशवीतून सफरचंदं आणतात,
नाव विचारताना खाली वाकतात.
त्यांच्याकडे एक खोका. खोक्यात चित्रं.
चित्रामागे उत्तर, उत्तराला एक गुण,
आणि उत्तर राज्यभाषेतच हवं,
पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर, ठळक.

पहिलं चित्र.
‘नख,’ एर्विन म्हणाला,
आणि शंका नको म्हणून स्वतःच्या नाकाला बोट लावलं.
बाईंनी रेघ ओढली.

दुसरं.
‘कान.’
रेघ.

तिसरं कारंजं.
कारंजं त्यानं पाहिलेलं नाही.
मीही तेविसाव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं.
तो चित्रावर ओणवा झाला, बराच वेळ,
मग आमच्या घरच्या भाषेत, काळजीनं म्हणाला,
‘पंप फोडलाय कुणीतरी.
आता मार कुणाला बसणार?’
वस्तीत नव्वद घरं, पंप एक.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
रेघ.

चौथं चित्र. काचेचा पेला, भरलेला.
‘पानी.’
‘पुन्हा सांग, बाळ.’
‘पानी!’ बहिऱ्याला सांगावं तसं,
आणि माझ्याकडे बघितलं.
तू तरी सांग ना हिला.

मला माहीत होतं, हा पाण्याला
माझ्याहून, बाईंहून जास्त ओळखतो.
दोन्ही हातांत बादल्या असल्या की चाल कशी बदलते,
जानेवारीत टाचेनं बर्फ कुठे फोडायचा,
कुठल्या बादलीचं प्यायचं, कुठलीचं फक्त धुवायला.
‘व्होदा’ हा त्यांचा शब्दही त्यानं ऐकलाय,
पंचायतीची माणसं येतात तेव्हा,
पण दर वेळी ‘नाही’ला चिकटलेला.
सुटा कधी भेटलाच नाही त्याला.

मी गप्प बसले.
माझी नोकरी दर जूनमध्ये संपते
आणि सप्टेंबरात, त्यांना वाटलं तर, सुरू होते.

मी याच खुर्चीत बसून पास झाले होते.
आई इस्पितळात फरशी पुसायची,
तिनं घरात त्यांचीच भाषा आणली,
जंतुनाशकाच्या वासासकट.
आमची ठेवली भांडणापुरती
आणि ताप चढला की कपाळावर हात ठेवण्यापुरती.

बाईंनी बेरीज केली. दोनदा केली, खरं तर,
आपलं चुकलं असेल अशा आशेनं.
मग लिहिलं: वाढ, सौम्य प्रमाणात, मागे.
म्हणजे मागचं दार.
बॉयलरच्या खोलीवरून जाणारा वर्ग,
जिथे तिसरीपर्यंत वीसच्या पुढे मोजत नाहीत.
पुढच्या वर्गात माशांची काचपेटी आहे.
तिचं पाणी दर शुक्रवारी बदलतात.

खाली तीन सह्या लागतात.
तिसरी माझी.
एर्विन सफरचंद घेऊन गेला. जाताना
‘बरोबर आलं ना?’ असं त्यानं मला विचारलं.
मी म्हटलं, ‘बूट नीट घाल.’

सुट्टीत बाईंचा घसा बसला होता.
कागदांतून मान वर न काढता म्हणाल्या,
‘जरा व्होदा देतेस?’

मी ऐकलं.
शब्द कळला. अर्थ कळला.
नळ हाताच्या अंतरावर होता.
मी बसून राहिले
आणि त्यांच्याकडे कोऱ्या चेहऱ्यानं बघितलं,
त्यांनी मान वर काढेपर्यंत.

मग उठले. दिला पेला. काठोकाठ.
बाहेर बाकावर पुढची मुलगी
मोज्यातलं भोक अंगठ्याखाली दडपत
स्वतःचं नाव पाठ करत होती.