तेरा नंबर

एवढ्यानं नाही उठायची ती, श्रीशैल.
बटण काय शोधतोस, बे? तिला बटण नाही.
तिच्या कुशीला एक लहान इंजिन आहे, पेट्रोलचं,
आधी ते उठवायचं,
मग त्यानं मोठ्याला उठवायचं,
पोरानं बापाला हलवावं तसं.

दोरी चाकावर दीड वेढा. दोन नाही.
अंगठा बोटांच्या बाजूला ठेव, मुठीत नको,
उलटा झटका आला की ती मनगट मागते.
हे बघ माझं. अठ्ठ्याहत्तर सालचं हाड,
मंगळवेढ्याच्या हाडवैद्यानं बसवलेलं,
जरा पश्चिमेकडं.

लहान्याला पाच-सात मिनिटं चालू दे.
त्याचं गरम पाणी मोठ्याच्या अंगात फिरतं.
घाई केलीस तर पांढरा धूर सोडून गप्प बसेल.
गुरुबसप्पा तेवढ्यात पान लावायचे,
शिरा काढून, कात, चुना, सगळं निवांत;
पान गालात गेलं की कॉम्प्रेशनची दांडी टाकायचे.
घड्याळ नव्हतं आमच्याकडं. पान होतं.

पहिले ठोके सुटे सुटे पडतात,
रिकाम्या हौदात कुणी नारळ टाकतंय असे.
चारांतला तिसरा उशिरा येतो. कायम.
इंजेक्टर बदलले, पंप हुबळीला नेऊन आणला,
तरी तो उशिराच.
शेवटी साहेबांनी रजिस्टरात शेरा मारला : स्वभाव.

हरळी काढायला जायचो. कुंदा काढायला.
दोन हात खोल काळी, आणि तळाशी
बैलांच्या नांगराला हसणारी मुळं.
तेरा नंबर उतरली की
ढेकळं निघायची म्हशीएवढी,
एका अंगानं साबणासारखी कापलेली,
मागं बगळे, बगळ्यांमागं अख्खी शाळा.
पोरांना हाकलायला आलेले मास्तर
स्वतःच बांधावर बसले, संध्याकाळपर्यंत.

डावा क्लच उन्हात घसरतो, हे लिहून घे.
बारानंतर ती डावीकडं वळत नाही,
दांडीला लटकलास तरी.
नंदेश्वरच्या माळावर आम्ही बांध घातला,
आखणी सरळ होती, फक्कीची, साहेबांची.
बांध अजून आहे :
सकाळचा सरळ, दुपारचा उजवीकडं झुकलेला.
पाणी मात्र वाकड्यालाच जास्त थांबतं.
तिथं आता बोरी आहेत, लाव्हे आहेत,
आणि ती रेघ कुणी ओढली
ते एका झिजलेल्या प्लेटीला माहीत.

गुरुबसप्पांचे कान तिनंच खाल्ले.
बावीस वर्षं सायलेन्सर तोंडासमोर, कानात सरकीचा बोळा.
आधी पाखरं गेली. मग बायकोची हाक.
मग गिरणीचा भोंगा ऐकू येईना;
तो खरंच बंद पडला होता.
आम्ही त्यांना सांगितलं नाही.

तरी इंजिन त्यांनाच कळायचं.
लांब स्क्रूड्रायव्हर, टोक ब्लॉकवर,
मूठ दातांत, डोळे मिटलेले.
"तडी," म्हणायचे तिसऱ्याला,
थांब, सावकाश ये,
जशी काही त्याला कधी घाई होती.

होटगी रोडच्या यार्डात लिलाव झाला
तेव्हा भंगारवाला म्हणाला, साडेअकरा टन.
गुरुबसप्पांनी त्याचे ओठ वाचले, विचारलं,
"माती धरून, का सोडून?"

चल, ओढ. दीड वेढा.
परत.
परत ओढ, शिव्या नंतर दे.

लागली ना? धूर दिसतोय मला,
पांढऱ्याचा निळसर होतोय.
कानानं आता मलाही कळत नाही,
आणि कवळीनं ऐकू येत नाही रे,
काल करून बघितलं, नुसती कडकड.
तू धर स्क्रूड्रायव्हर. तुझे दात आहेत सगळे.
डोळे मीट.
बोटांनी सांग मला :
एक
दोन

आला का तिसरा?