अक्कलदाढ

आठवडाभर मी दात करते.
अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, एसीच्या गारठ्यात,
कुणाच्या तरी तोंडात वीस वर्षं टिकतील असे.
सुपारी, कुबूस, हाडाचा तुकडा, झोपेतला राग,
सगळं सोसतील असे.

आणि रात्री, त्याच हँडपीसनं, त्याच भिंगाखाली
एक युद्धनौका,
जिची कातडी फाटलीच पाहिजे असा नियम आहे.

दीड मिलिमीटर बाल्सा, त्याहून जाड चालत नाही.
वर पतंगाचा असतो तसला कागद, लॅकरचे दोन हात.
सुदानी इद्रीस, पूर्वी बोटीवर इंजिनियर,
तुकडा मागून घेतो, वरून सळई सोडतो.
आरपार गेली, की पास.
मला हसूच आलं. आमच्या लॅबमध्ये
काही आरपार गेलं तर पगार कापतात.

फासळ्या प्लायवूडच्या.
पंप म्हणजे भंगारातल्या निसान सनीची
काचेवर पाणी उडवणारी मोटर, पंधरा दिरहम.
तोफा पितळी नळीच्या, पोटात गॅसची बाटली.
पहिला छर्रा स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या डब्यातून गेला.
डबा माझाच होता, तरी जिन्सी दोन दिवस बोलली नाही.

रॉडेलची नौका जपानी, शाजहानची जर्मन.
दोघांनी रिव्हेटसुद्धा मोजून लावलेत.
माझा आराखडा इंग्रजांचा,
पण त्यांचं नाव लिहायला ब्रश उचलेना.
आमच्याकडे गुराबा होत्या, गलबतं होती,
एवढं पोलाद आमच्या नावावर कधी तरंगलं नाही.
मग बत्तिशीत जी सगळ्यांत शेवटी येते,
जागा नसताना येते,
येताना घर जागं ठेवते,
तिचं नाव दिलं.
रॉडेल म्हणतो, अकलडा.

शुक्रवारी धैदला, अबू सैफच्या खजुरांच्या बागेत
शिंपणाचा सिमेंटी हौद. पाणी गुडघ्याच्या वर.
एका बाजूला बकऱ्या, एका बाजूला आम्ही,
हातात रिमोट आणि डोळ्यांवर जाड चष्मे.

चांगली लढले मी. खोटं कशाला सांगू,
शाजहानच्या जर्मन कमरेत मीच चार भोकं पाडली.
मग डावीकडून रॉडेल आला.
टप् टप् टप्,
नखानं खोकं वाजवावं तसा आवाज,
आणि माझी नौका किंचित
एका कुशीवर.

"पाच!" मी ओरडले.
पाच म्हटल्यावर पाच मिनिटं तग धरायची,
मग नौका काढून घेता येते.
तीन मिनिटं धरली.
पंपात खजुराच्या झावळीचा एक दोरा गेला,
नुसता एक दोरा,
आणि कण्हणं थांबलं.

नाकाकडून गेली. बुडबुडे आले,
मग दोरीला बांधलेलं नारिंगी बूच तेवढं वर.

शेवाळात पाय टाकले, सलवार मांडीपर्यंत भिजली.
उचलली तेव्हा सतरा भोकांतून सतरा धारा,
झारी कलती करावी तशी.
अबू सैफ कॉफीचा दल्ला घेऊन काठावर उभा.
काहीतरी म्हणाला, शाजहाननं हिंदीत सांगितलं:
विचारतोय, दोन महिने बांधली ती बुडवायलाच का?

मी म्हटलं, अक्कलदाढ आहे. काढावीच लागते.
याचं अरबी शाजहानला जमेना.
अबू सैफनं माझ्या ओल्या हातावर तीन खजूर ठेवले.

परतताना कॉर्निशवर थांबलो.
क्षितिजावर एक राखाडी, खरी,
हलतेय की उभीये ते कळत नव्हतं.
रॉडेलनं फोन काढला, बातम्या चाळल्या,
परत खिशात ठेवला.
तिची कातडी किती जाड, कुणी बोललं नाही.
पाच म्हणायची सोय तिकडे कुणाला असते, तेही.

आज लॅबमध्ये बोटांना शेवाळाचा वास.
ट्रेवर कुणा बाईंची वरची डावी दाढ, घाईची.
जेवणाच्या सुट्टीत चिमट्यानं
फासळ्यांमधले छर्रे काढतेय. अकरा निघाले.
सहा कुठे गेले कोण जाणे.

येताना लुलूमधून चहाची गाळणी आणायची आहे.
छोटी. पंपाच्या तोंडाला बसेल अशी.