नखभर हिरवं

मार्च संपला म्हणजे बर्फ संपला,
असं टोलेडोत कुणी समजू नये.
तरी पहिल्या उन्हाच्या शनिवारी
गॅरेजमधून दाताळं काढलं,
गुडघ्याला पट्टा बांधला
आणि विद्याधरला म्हटलं, ऊठ, अंगण बोलावतंय.
तो म्हणाला, तुला बोलावतंय.

कुंपणाच्या कडेला ओकची पानं,
नोव्हेंबरात उद्या बघू म्हणून सोडलेली,
आता एकमेकांना चिकटून
ओल्या पापडांची चळत झालेली.
दाताळं फिरतं तसा वास सुटतो
तंबाखूचा, बंद कपाटातल्या पुस्तकांचा.
खाली कसलेतरी कोंब,
फिकट, पिवळट, चोरी पकडल्यासारखे.
आणि एक पणती.
दिवाळीत पायरीवर ठेवलेली,
वाऱ्यानं नेली की खारीनं, कोण जाणे.
काठाचा टवका उडालेला,
तेलाच्या जागी वितळलेला बर्फ
आणि त्यात एक गांडूळ, बुडायच्या बेतात.
त्याला मातीत सोडलं. पणती खिशात.

सात पिशव्या भरल्या, कागदी, कमरेएवढ्या.

मागच्या कोपऱ्यातलं रेडबड मात्र
काळं, वाकडं,
वादळात एक फांदी गमावलेलं.
ते गेलंय, असं आम्ही दोघांनी
स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच ठरवलं होतं.
करवत आणली होती, तिला तेलही दिलं होतं.
तेवढ्यात कुंपणापलीकडून कुबियाकबाई,
ब्याऐंशीच्या, नवऱ्याचं जाकीट घातलेल्या,
हातातली कात्री वर करून म्हणाल्या,
"आधी नख लाव."

कुठे?

"सालीला. हळू."

खरवडलं. करडं, मग तपकिरी,
मग हिरवं.
ओलं, नखभर,
कोथिंबिरीच्या देठासारखं हिरवं.

मी करवत पाठीमागे लपवली.
कुणापासून, ते सांगता येणार नाही.

पुढच्या दारी मॅग्नोलिया,
कवठी चाफ्याचा कुणी उतावळा भाऊबंद,
पानांची वाट न बघता
गुलाबी वाट्या मांडून बसला,
वाढपी यायच्या आधीच पंगतीला बसावं तसा.
आणि रेडिओ म्हणाला, आज रात्री पारा शून्याखाली.
एवढं झाड झाकणार कशानं?
गेल्या सालचं पेअरचं रोप तेवढं झाकलं,
सोलापुरी चादरीत, कपड्यांचे चिमटे लावून.
रात्रभर ते अंगणात उभं
ताप भरलेल्या पाहुण्यासारखं.
दोनदा उठून बघितलं मी.
दुसऱ्यांदा विद्याधर आधीच खिडकीशी होता.

सकाळी मॅग्नोलिया तपकिरी.
सगळा. पिळून टाकलेल्या टी-बॅगांसारखा.
पेअरला अकरा फुलं. मोजली.
विद्याधर म्हणाला, बारा, एक मागे आहे.

कुबियाकबाई येऊन मॅग्नोलियाखाली उभ्या राहिल्या.
"सत्तेचाळीस वर्षं बघतेय," म्हणाल्या,
"पाचातून एकदा टिकतात."
मग कशाला ठेवायचा, असं मी विचारलं नाही.
त्या पाकळ्यांतून हळूहळू चालत गेल्या,
बूट न झटकता.

मे उजाडला आणि रेडबडनं
पानांची तयारी नाही, डहाळीचा मान नाही,
थेट खोडातून फुलं काढली,
फणसानं काढावी तशी, लाज सोडून.
काळ्या सालीवर जांभळट गुलाबी पुरळ,
जिथे मी करवत टेकवणार होते
त्याच्या वीतभर वर.
विद्याधरनं शोधून काढलं,
हे आपट्याच्या गोतातलं.
मग दसऱ्याला हीच पानं वाटू, म्हणाला.
पानं अजून आलेली नाहीत.

फुलं खातात, असंही बाई सांगून गेल्या.
मूठभर तोडली, काकडीच्या कोशिंबिरीत घातली.
किंचित आंबट, कोवळ्या मटारासारखी.
त्यानं दोनदा वाढून घेतली
आणि मग विचारलं, यात काय होतं?

आठवी पिशवी अर्धी भरून गॅरेजपाशी उभी आहे.
मंगळवारची गाडी येऊन गेली.
मॅग्नोलियाच्या पाकळ्या झाडायच्यात अजून,
थोड्या बाईंच्या हिरवळीवरही उडाल्यात.
काढू का, म्हणून हाक मारली,
तर त्या गुडघ्यांवर बसून काहीतरी लावत होत्या,
वर न बघताच म्हणाल्या,
राहू दे, माझ्याकडे आलेल्या माझ्या.