दोन तास, उघड्यावर

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं:
थेंब, रात्री, एकेक. आणि खाली, ठळक:
दोन तास, उघड्यावर.
हे कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं,
मी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

म्हणून रोज साडेचारला
शर्वाणी आणि मी तळजईवर.
नंबर उणे सव्वादोन; दिवाळीत दीडच होता.
ती विचारते, लांब बघून काय करायचं?
मी सांगतो, मोज.
सिंहगडावरचा टॉवर. विमान. घार.

तिच्या वयात मी
गोधडीत टॉर्च लावून वाचायचो;
सगळे म्हणायचे, हुशार आहे.

घार तिला आधी दिसते.
मला, उणे नऊच्या काचेतून, नुसतं आभाळ.
अगं, कुठेय?
ती माझी हनुवटी धरून
मान वळवते,
जशी मी तिची धरतो
रात्री, थेंब घालताना.